न केलेल्या कर्माचं खातं

१९३९ साली अमरावतीत ‘षट्खंडागम’ या ग्रंथाचा पहिला भाग छापून निघाला. संपादक होते किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्रा. हिरालाल जैन. दिगंबर परंपरेचा हा जुना सिद्धान्तग्रंथ कर्नाटकातल्या मूडबिद्रीला ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत, कित्येक शतकं कडीकुलपात होता. त्याच्या नकला कशाबशा बाहेर आल्या. त्यांतल्या काही अमरावतीला आणि तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या कारंजाला पोचल्या. मूळ प्राकृत, त्यावरची वीरसेनाचार्यांची ‘धवला’ टीका आणि हिंदी भाषांतर असं हे काम सोळा भागांत पुरं व्हायला जवळपास वीस वर्षं लागली. किंग एडवर्ड कॉलेजचं नाव पुढे बदललं, आज ती शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था आहे. पण कर्मसिद्धान्ताचा इतका बारीक हिशेब मांडणारा ग्रंथ आपल्या गावातून जगापुढे आला, हे अमरावतीतल्या किती जणांना ठाऊक असेल, याची शंकाच आहे.

१९३९ सालीच होमी भाभा सुट्टीसाठी केंब्रिजहून भारतात आले, युरोपात युद्ध पेटलं आणि ते इथेच राहिले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विश्वकिरणांचं संशोधन सुरू केलं. हिवाळ्यात अमेरिकेचे शास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन उपकरणांनी भरलेले फुगे घेऊन आले आणि पेशावर, आग्रा, बंगळुरू इथून ते आकाशात सोडून गेले. चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतावरून जातं, त्यामुळे विश्वकिरण मोजायला हा देश सोयीचा होता.

या दोन कामांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता, आणि तो ओढूनताणून जोडायचं कारणही नाही. ‘आपल्या ग्रंथांत हे सगळं आधीच लिहून ठेवलंय’ असं सांगणाऱ्यांचा आपल्याकडे तुटवडा नाही. त्या रांगेत आणखी एकाने उभं राहायला नको. तरी एक प्रश्न दोन्हीकडे आहे. जे दिसत नाही, बोचत नाही, अंगाला चिकटल्याचं कळतही नाही आणि फळ मात्र वर्षांनी देतं, त्याचा हिशेब कोणी ठेवायचा? आणि ज्याने काही केलंच नाही, त्याच्या खात्यावर ते का चढावं? हा प्रश्न आज सगळ्यांत ठसठशीतपणे उभा राहतो तो विमानात, तेही प्रवाशांपुढे कमी आणि वैमानिक, एअर होस्टेस यांच्यापुढे जास्त.

आधी वस्तुस्थिती. दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून निघालेले, बहुतांशी प्रोटॉन असलेले कण, म्हणजेच विश्वकिरण, जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पृथ्वीवर येऊन आदळतात. वातावरणाच्या वरच्या थरात हवेच्या अणूंवर आपटून त्यांचे तुकडे उडतात, त्या तुकड्यांतून आणखी कण निघतात. न्यूट्रॉन, म्युऑन, इलेक्ट्रॉन यांची ही पावसाची सर खाली येता येता विरळ होत जाते. तरी हे वाचत असताना आपल्या तळहातातून दर सेकंदाला एखाददुसरा म्युऑन आरपार जातो आहेच. जमिनीवर आपल्या डोक्यावर जाड हवेचं छप्पर असतं. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर गेलं की ते छप्पर बहुतेक खाली राहतं.

हे पहिल्यांदा ध्यानात आलं ७ ऑगस्ट १९१२ रोजी. व्हिक्टर हेस हे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ हायड्रोजनच्या बलूनमध्ये बसून ५,३०० मीटरपर्यंत चढले. किरणोत्सर्ग जमिनीतूनच येत असेल तर वर जाताना तो कमी व्हायला हवा होता. तो तर दुपटीहून जास्त भरला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सूर्यग्रहणाच्या वेळीही त्यांनी उड्डाण केलं होतं आणि ग्रहणातही किरण कमी झाले नव्हते. म्हणजे उगम जमिनीत नाही आणि मुख्यतः सूर्यातही नाही. या शोधाला १९३६ साली नोबेल मिळालं.

हेस बलूनमधून वर चढत होते त्या दिवसांत अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज ग्रंथ सांगून लिहवून घेत होते. १८८१चा जन्म, तान्हेपणीच दृष्टी गेलेली. दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं, ऐकून ध्यानात ठेवायचं आणि मग बोलायचं. या पद्धतीने त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले आणि डार्विन-स्पेन्सरपर्यंत पाश्चात्त्य विचारवंतांचा समाचार घेतला. १९१५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते पुण्यात गेले. त्यांची सगळी मतं आज पटतील असं नाही. पण डोळ्यांनी दिसतं तेवढंच ज्ञान, हा समज त्यांच्या नुसत्या असण्यानेच मोडीत निघत होता. न दिसणाऱ्याविषयी बोलताना वऱ्हाडाने त्यांची आठवण ठेवावी.

आता थोडी आकडेमोड, कारण तिच्याशिवाय पुढचा वाद पोकळ होईल. किरणोत्सर्गाची मात्रा, म्हणजे डोस, सिव्हर्टमध्ये मोजतात. त्याचा हजारावा भाग मिलिसिव्हर्ट, दशलक्षावा भाग मायक्रोसिव्हर्ट. माती, हवा, अन्न, आकाश यांतून माणसाला वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतोच. जेट विमानाच्या नेहमीच्या उंचीवर विषुववृत्ताजवळ तासाला साधारण २ ते ३ मायक्रोसिव्हर्ट आणि ध्रुवांकडे ५ ते ७ अशी भर पडते. हा फरक पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे. ते क्षेत्र विषुववृत्ताच्या पट्ट्यात कमी ऊर्जेच्या कणांना परतवून लावतं, ध्रुवांवर त्यांना मोकळी वाट देतं. आपल्या भागावर ही चुंबकीय ढाल पृथ्वीवरच्या सर्वांत भक्कम ढालींपैकी एक आहे. नागपूरच्या आकाशातून रोज ये-जा करणाऱ्या वैमानिकाने वर्षात सातशे तास उडवले तर ढोबळ मानाने पावणेदोन मिलिसिव्हर्ट होतात. तेवढेच तास अमेरिका-युरोपच्या उत्तरेकडच्या वाटांवर घालवणाऱ्याला त्याच्या दुप्पट. फ्रँकफर्ट-न्यूयॉर्क अशा एका उड्डाणात ३० ते ७५ मायक्रोसिव्हर्ट जमा होतात.

जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली चार महिला वैमानिकांनी एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून थेट बंगळुरूला आणलं. सतरा तासांच्या वर प्रवास, देशभर कौतुक, आणि ते रास्तच होतं. इंधन वाचलं, वेळ वाचला. वाट जवळची झाली ती ध्रुवावरून, म्हणजे ढाल सर्वांत पातळ असते नेमक्या त्या भागातून. एका फेरीने कुणाचं काही बिघडत नाही. प्रश्न फेरीचा नाही, तीस वर्षांच्या नोकरीचा आहे.

जगाने हा प्रश्न ओळखायला वेळ लावला. ध्वनीपेक्षा वेगवान कॉनकॉर्ड पन्नास-साठ हजार फुटांवर उडायचं, म्हणून त्यात किरणोत्सर्ग मोजणारं यंत्रच बसवलेलं होतं. काटा वर गेला तर वैमानिकाने विमान खाली आणायचं. साध्या जेट विमानांत तसं काही नव्हतं. १९९० साली आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने सांगितलं की जेट विमानातल्या कर्मचाऱ्यांना मिळणारा विश्वकिरणांचा डोस हा कामातून येणारा डोस धरावा. १९९६ मध्ये युरोपीय समुदायाने तसा निर्देश काढला. वर्षाला एक मिलिसिव्हर्टच्या पुढे जाण्याची शक्यता असेल तर विमान कंपनीने त्याचा हिशेब करायचा, कर्मचाऱ्याला सांगायचं आणि ड्युटी लावताना तो ध्यानात घ्यायचा. बाईने गरोदर असल्याचं कळवल्यावर उरलेल्या काळात गर्भाला एक मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त जाऊ द्यायचा नाही. जर्मनीत २००३ पासून वैमानिक आणि एअर होस्टेस यांचा डोस सरकारी नोंदवहीत चढतो. त्या नोंदवहीतून जे निघालं त्याने बऱ्याच जणांना धक्का बसला: विमान कर्मचाऱ्यांची सरासरी दवाखान्यातल्या एक्स-रे कर्मचाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे.

यासाठी छातीला बिल्ला लावत नाहीत. विमानात सगळ्यांना जवळपास सारखाच डोस मिळतो आणि तो मार्ग, उंची, तारीख यांवरून गणिताने काढता येतो. तारीख लागते कारण सूर्य अकरा वर्षांच्या चक्राने तापतो-निवतो आणि त्याचा जोर वाढला की बाहेरून येणारे विश्वकिरण थोडे मागे रेटले जातात.

आपल्याकडे बिल्ला माहीत आहे तो दवाखान्यात. अकोल्या-अमरावतीच्या कुठल्याही मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढणाऱ्याच्या खिशाला लावलेला टीएलडी बॅज पाहा. प्लास्टिकच्या डबीत एका पट्टीवर बसवलेल्या तीन चकत्या, त्यांत कॅल्शियम सल्फेटची पूड, तिला डिस्प्रोशियमचा अंश. किरणं पडली की त्यांची ऊर्जा स्फटिकातल्या खाचांमध्ये अडकून बसते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. तीन महिन्यांनी बॅज प्रयोगशाळेत जातो, चकती तापवली जाते, अडकलेली ऊर्जा मंद उजेड होऊन बाहेर पडते आणि जेवढा उजेड तेवढा डोस. अमरावती विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात अशा उजळणाऱ्या पदार्थांवर वर्षानुवर्षं संशोधन झालं आहे. देशातल्या किरणोत्सर्गी कामगारांच्या डोसची राष्ट्रीय नोंद भाभा अणुसंशोधन केंद्रात ठेवली जाते. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३०. एका वर्षापुरती ही मर्यादा आंतरराष्ट्रीय आयोगाच्या ५० पेक्षा कडक आहे.

गाडगेबाबांच्या मुलखात मात्र अशा गोष्टी गुपचूप ऐकून घेतल्या जात नाहीत. शेंडगावच्या त्या बाबाने कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं आणि उलट विचारायची सवयही लावली. तेव्हा एखादी आजी विचारणारच, “दिसत नाई, बोचत नाई, कोनी मेल्याचं दाखवता येत नाई, मंग मोजता कायले?”

प्रश्न बिनतोड आहे, आणि त्याला तत्त्वज्ञानाच्या दारातूनच जावं लागतं.

भारतीय तर्कशास्त्रात ज्ञान होण्याचे मार्ग सांगताना प्रत्यक्ष, अनुमान यांच्याबरोबर ‘शब्द’ही प्रमाण धरला आहे, पण वाटेल त्याचा नाही. बोलणारा ‘आप्त’ हवा, आणि न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन आप्ताच्या दोन खुणा सांगतो: त्याला ती गोष्ट खरोखर कळलेली हवी, आणि जशी कळली तशी सांगण्याची इच्छाही हवी. वैमानिकाला विश्वकिरणांचं प्रत्यक्ष कधीच होणार नाही. अनुमानासाठी लागणारं गणित त्याच्यापाशी नाही. म्हणजे त्याचं सगळं भान शब्दावर, दुसऱ्याने सांगण्यावर अवलंबून. उड्डाणाचा मार्ग, उंची, तास हे सगळं विमान कंपनीकडे मिनिटामिनिटाने नोंदलेलं असतं. मग कळण्याची पहिली खूण कंपनीत आहेच. दुसरी, सांगण्याची इच्छा, असली तर ती आप्त. नसली तर तिच्या मौनाला काय म्हणायचं हे वात्स्यायनाने लिहिलेलं नाही, पण अंदाज बांधता येतो.

आता षट्खंडागमाकडे. जैन विचारात कर्म म्हणजे नुसती बऱ्यावाइटाची नोंद नव्हे. ते अतिसूक्ष्म पुद्गल आहे, द्रव्य आहे, जे जीवाला येऊन चिकटतं. या बंधाची चार अंगं मोजायची. कोणत्या जातीचं कर्म, ती प्रकृती. किती कण, तो प्रदेश. किती काळ टिकणार, ती स्थिती. फळ किती तीव्र, तो अनुभाग. आणि बंध पडल्यावर फळ लगेच मिळत नाही. मधला एक निवांत काळ असतो, त्याला अबाधाकाल म्हणतात. त्या काळात कर्म आत असतं आणि काहीच करत नाही.

किरणोत्सर्गाचं गणित करणारा हे वाचताना चपापेल. कण कोणत्या जातीचा हे तोही पाहतो, कारण तेवढ्याच ऊर्जेचा न्यूट्रॉन शरीराला गॅमा किरणापेक्षा जास्त त्रासदायक. किती ऊर्जा शोषली हेही पाहतो. आणि त्याच्याकडेही अबाधाकाल आहे: किरणोत्सर्गाने रक्ताचा कर्करोग व्हायचा तर काही वर्षं जातात, इतर बहुतेक कर्करोगांना दहा वर्षं किंवा त्याहून जास्त. त्या काळात माणूस ठणठणीत असतो, दरवर्षीच्या वैद्यकीय तपासणीत पास होतो.

साम्य इथवरच. खरं शिकण्यासारखं आहे ते दोहोंतल्या भेदात. पहिला भेद हेतूचा. जैन मांडणीत कर्म किती काळ टिकेल आणि किती तीव्र होईल हे कषायांवर, म्हणजे क्रोध, मान, माया, लोभ यांवर ठरतं. मन निर्मळ असेल तर चिकटलेलं कर्म फार काळ टिकत नाही. न्यूट्रॉनला मन कळत नाही. हजला निघालेल्या यात्रेकरूंना नेणारा वैमानिक असो की तस्कराचं सोनं पोटात घेऊन चाललेलं विमान, तासाचे मायक्रोसिव्हर्ट तेवढेच. दुसरा भेद जास्त खोल आहे. कर्माच्या हिशेबात चूक नाही आणि सोडतही नाही. ज्याचं त्याला आणि जेवढ्यास तेवढं. किरणोत्सर्गात कमी डोसला फळाची नुसती शक्यता वाढते. हजार वैमानिकांना सारखाच डोस मिळतो, त्यांतल्या एखाद्याला आजार होतो, बाकीच्यांना काहीच होत नाही. ज्याला होतो त्याच्या पेशींवर ‘हा विश्वकिरणांमुळे’ असा शिक्का नसतो. त्याला तो घरी बसूनही झाला असता कदाचित. तिसरा भेद सगळ्यांत बोचरा: केलं एकाने, भोगलं दुसऱ्याने. लवकर पोचायची घाई प्रवाशाची, इंधन वाचवायचं गणित कंपनीचं, भोग झाला तर तो कर्मचाऱ्याचा.

इथे सनातन धर्म काय, जैन धर्म काय, दोन्हीकडच्या लोकव्यवहारात एक सोपी पळवाट तयार असते. ज्याला भोगावं लागलं त्याचं पूर्वसंचितच तसं असणार! ही पळवाट गर्भाच्या बाबतीत उघडी पडते. पोटातल्या जीवाने तिकीट काढलेलं नाही, नोकरी धरलेली नाही, पगार उचललेला नाही. पूर्वजन्माचं बोट धरून त्याच्या माथी काही मारायचं असेल तर मग जगातला कुठलाही अन्याय अन्याय उरत नाही, आणि कर्मसिद्धान्त न्यायाचा हिशेब न राहता अन्याय झाकायची चादर होतो. षट्खंडागम लिहिणाऱ्यांना असं झाकणं अभिप्रेत असतं तर त्यांनी कर्माच्या जाती, कण, काळ, तीव्रता यांचा इतका किचकट हिशेब कशाला मांडला असता? ‘नशीब’ एवढा एक शब्द पुरला असता. हिशेब मांडतो तोच माणूस, ज्याला काहीतरी थांबवता येईल अशी आशा असते. येणारं कर्म अडवायला जैन परंपरेत ‘संवर’ हे स्वतंत्र तत्त्व मानलं आहे, ते उगाच नाही.

नोंद नसली की काय होतं हे विदर्भाने जवळून पाहिलं आहे. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले. कोणी कोणतं औषध, किती तास, कोणत्या पंपाने फवारलं, हे आधी कुठे लिहिलेलंच नव्हतं. मग चर्चा फिरली ती मजुराने तोंडाला फडकं का बांधलं नाही यावर. वैमानिकाचा पगार आणि फवारणीच्या मजुराची रोजी यांची तुलना होऊच शकत नाही. वैमानिकाला सहानुभूती दाखवायला लोक कचरतील तेही समजण्यासारखं आहे. पण न दिसणारं नुकसान भोगणाऱ्याच्याच गळ्यात पडतं, कारण वही दुसऱ्याच्या कपाटात असते किंवा नसतेच, हे दोन्हीकडे सारखं.

आजीच्या प्रश्नाचा आणखी एक भाग उरतो: दाखवता येत नाही, मग मोजता कशाला? विज्ञानाची बाजूही इथे एकतर्फी नाही. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे नैसर्गिक किरणोत्सर्ग कित्येक पट जास्त आहे आणि तिथल्या मोठ्या पाहणीत कर्करोग वाढल्याचं आढळलं नाही. दुसरीकडे, विमान कर्मचाऱ्यांच्या पाहण्यांत त्वचेचा मेलानोमा आणि स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग इतरांपेक्षा जास्त दिसला आहे. पण त्याला कारण विश्वकिरण, रात्रीची जागरणं, बिघडलेलं झोपेचं घड्याळ की आणखी काही, हे वेगळं काढता आलेलं नाही. थोडा डोस म्हणजे थोडा धोका, शून्यापर्यंत सरळ रेषेत, हे गृहीतक सावधगिरीचं आहे. सिद्ध झालेलं सत्य ते नाही. तेव्हा ‘विमानात रेडिएशनने माणसं मरतात’ अशी ओरड करणारा खोटं बोलतो. आणि ‘काहीच होत नाही’ म्हणणाराही तेवढाच.

नेमकं म्हणूनच मोजायचं. माहीत असतं तर नोंदीची एवढी निकड नव्हती. मर्यादा घालून मोकळं होता आलं असतं. आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१८ मध्ये किरणोत्सर्ग संरक्षणाच्या नैतिक पायांवर एक स्वतंत्र प्रकाशन काढलं. भलं करा आणि बुरं टाळा, शहाणपणाने सावध राहा, न्याय ठेवा, माणसाची प्रतिष्ठा राखा ही चार मूल्यं त्यात सांगितली आहेत, आणि ती वेगवेगळ्या संस्कृतींच्या नीतिविचारात सापडतात असंही म्हटलं आहे. यातलं चौथं मूल्य इथे सगळ्यांत महत्त्वाचं. धोका लहान आहे की मोठा हे ठरवायचा पहिला हक्क ज्याच्या अंगातून किरण जातो त्याचा. त्याला आकडा न देता ‘लहान आहे, काळजी करू नका’ म्हणणं म्हणजे त्याला पोर समजणं.

यंत्राच्या बाबतीत आपण किती तत्पर असतो ते पाहा. ३० ऑक्टोबर २०२५ला मेक्सिकोतल्या कॅनकूनहून न्यूअर्कला निघालेलं जेटब्लूचं ए-३२० जातीचं विमान हवेत एकाएकी खाली झुकलं, काही प्रवासी जखमी झाले. महिन्याभरात एअरबसने सांगितलं की तीव्र सौर किरणोत्सर्गाने उड्डाण नियंत्रण करणाऱ्या संगणकातली माहिती बिघडू शकते. जगभरची सुमारे सहा हजार विमानं, भारतातली त्यांत तीनशेच्या वर, दुरुस्तीला घेतली गेली आणि बहुतेकांचं काम दोन-तीन दिवसांत उरकलं. संगणकाच्या स्मृतीतला एक अंक उलटला तर विमान झुकतं आणि सगळ्यांना दिसतं. त्याच विमानाच्या कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाच्या पेशीत डीएनएचा एक धागा तुटला तर तो बहुतेक वेळा सांधला जातो, क्वचित चुकीचा सांधला जातो आणि कुणालाच दिसत नाही. हे दोन्ही एकाच आकाशातून येतं.

वऱ्हाडाला हा विषय आजवर परका वाटला तर नवल नाही. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी वाढवण्याचा प्रश्न कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी वर्षानुवर्षं अडून राहिला. अकोलेकरांना विमान पकडायचं तर नागपूर किंवा संभाजीनगर गाठावं लागायचं. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर १६ एप्रिल २०२५ला मुंबईहून अलायन्स एअरचं एटीआर विमान उतरलं आणि प्रवासी सेवा सुरू झाली. (अकोला-अमरावतीची जुनी चढाओढ त्या दिवशी अकोल्यात कशी बोलली गेली असेल, ते वऱ्हाडी वाचकाला सांगायला नको.) पण बेलोऱ्याची मोठी गोष्ट वेगळी आहे. एअर इंडियाने तिथे वैमानिक प्रशिक्षण संस्था जाहीर केली आहे. दक्षिण आशियातली सर्वांत मोठी, वर्षाला १८० वैमानिक घडवणारी. त्यासाठी पायपर आणि डायमंड कंपन्यांची ३४ शिकाऊ विमानं मागवली. त्या लहान विमानांच्या उंचीवर विश्वकिरणांची भर नगण्य. मात्र तिथून निघणारी मुलंमुली विशीत जेटच्या कॉकपिटमध्ये बसतील आणि साठीपर्यंत बसून राहतील. भारतात वैमानिकांमध्ये स्त्रियांचं प्रमाण जगात सर्वांत जास्त, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आसपास असल्याने गर्भाचा प्रश्नही इथे पुस्तकी नाही.

वैमानिकाला पहिल्या दिवसापासून एक सवय लावतात: लॉगबुक. तारीख, विमान, कुठून कुठे, किती तास, दिवसा की रात्री. माणसाच्या आयुष्याचा एवढा काटेकोर हिशेब दुसऱ्या फार थोड्या धंद्यांत ठेवला जातो. डोस काढायला लागणारी निम्मीअधिक माहिती त्यात आधीच असते. भर घालायची ती फक्त उंचीची आणि आकड्याच्या एका रकान्याची. गणितासाठी अमेरिकेच्या विमान प्रशासनाने ‘कारी-७’ ही संगणक प्रणाली विनामूल्य खुली केलेली आहे. एअर इंडियाने आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने बेलोऱ्यातून बाहेर पडणाऱ्या पहिल्या तुकडीपासून त्यांच्या लॉगबुकात हा रकाना जोडावा, आणि त्यातला आकडा दर महिन्याला पगाराच्या चिठ्ठीबरोबर वैमानिकाच्या आणि केबिनमधल्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या हातात द्यावा.